पावातलं यीस्ट, बाळाची लस आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात पावाचं पीठ का फुगतं असा एक साधा प्रश्न होता आणि उत्तर देता देता शेवटी मी लिहून गेले की पीठ फुगवणाऱ्या याच यीस्टकडून, म्हणजे एका पेशीच्या बुरशीकडून, हिपॅटायटिस बीची लस बनवून घेतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर यीस्टलाच देऊन टाकलंय. मला फार बरं वाटलं, कारण पुण्यात एका लॅबमध्ये चौदा वर्षं मी याच पेशींसोबत काढली आहेत, त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की घरच्या माणसाची चौकशी केल्यासारखं वाटतं. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

ताई, दोन महिन्यांपूर्वी मला मुलगी झाली. जन्मल्यावर काही तासांतच तिला हिपॅटायटिस बीचं इंजेक्शन दिलं. तुमचं उत्तर वाचून सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाच्या अंगात पावाचं खमीर कशाला घालायचं? आता मलाही धाकधूक वाटतेय. – नवी आई, कोल्हापूर

आधी हे सांगते की बाळाच्या अंगात यीस्ट गेलेलं नाही, सासूबाईंनाही हे वाचून दाखवा. यीस्ट इथे फक्त कारागीर आहे. हिपॅटायटिस बीच्या व्हायरसवर बाहेरून एका प्रोटीनचं आवरण असतं, ते प्रोटीन कसं बनवायचं याची कृती म्हणजे एक जीन, तेवढा एकच जीन घेऊन यीस्टच्या पेशीत ठेवतात. मग मोठ्या स्टीलच्या टाक्यांमध्ये ते यीस्ट वाढवतात, पेशी फोडतात, त्यातून ते प्रोटीन वेगळं काढून पुन्हा पुन्हा शुद्ध करतात. गंमत अशी की ही प्रोटीन्स एकमेकांना चिकटून त्यांचे बारीक गोळे तयार होतात, साधारण २२ नॅनोमीटरचे, आणि हुबेहूब व्हायरसच्या कवचासारखे. नारळाची करवंटी आहे पण आत खोबरं नाही आणि पाणीही नाही, तसं. शरीर ती करवंटी बघून ओळख पक्की करून ठेवतं, पण रोग होण्यासारखं आत काही नसतंच.

हे सगळं यीस्टकडूनच का करून घ्यायचं, तर त्याआधी काय करावं लागायचं ते ऐका. अमेरिकेत १९८१ साली जी पहिली लस आली ती हिपॅटायटिस बीचा व्हायरस अंगात असलेल्या माणसांच्या रक्तातून काढायचे. ती शुद्ध करून सुरक्षितच केलेली असायची, पण नेमकी त्याच काळात एड्सची भीती पसरली आणि रक्तातून काढलेली लस म्हटल्यावर लोक हात मागे घ्यायला लागले, शिवाय रक्त मिळणार तरी किती. बॅक्टेरियाकडून हे प्रोटीन बनवून घ्यायचा प्रयत्न झाला पण तिथे असे नीट गोळे बनेनात. मग १९८२ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम रटर, पाब्लो व्हॅलेन्झुएला, बेन हॉल वगैरे शास्त्रज्ञांनी ते यीस्टमध्ये बनवून दाखवलं आणि तिथे गोळे आपोआप बनले. १९८६ मध्ये या लसीला अमेरिकेत परवानगी मिळाली. जेनेटिक इंजिनिअरिंगने बनवलेली माणसांसाठीची ही पहिली लस, आणि ती बनवली पावाच्या यीस्टने, ही गोष्ट मला आजही सांगताना अंगावर काटा येतो.

आपल्याकडे बाहेरून येणारी लस सुरुवातीला इतकी महाग होती की सामान्य घरात कुणी नाव काढत नसे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने आपली लस आणली, त्यांनी पिचिया नावाचं वेगळं यीस्ट वापरलं, आणि मग भाव उतरत गेले. आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची लस हॅन्सेन्यूला नावाच्या तिसऱ्याच यीस्टमधून येते. पिचिया आणि हॅन्सेन्यूला या दोघांची खासियत म्हणजे ते मेथॅनॉल खाऊन जगू शकतात, माणसाला विषारी असलेलं मेथॅनॉल त्यांना चालतं, आणि ते मिळालं की प्रोटीन बनवायचं बटण जोरात चालू होतं. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरची सिरमची सर्व्हाव्हॅक लस, जिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, तीसुद्धा याच हॅन्सेन्यूलाने केलेली. म्हणजे तुमची मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की पुन्हा एकदा यीस्टचीच लस तिच्या उपयोगी पडेल, तेव्हा जरूर द्या.

आणि जन्मल्या जन्मल्या एवढी घाई का? कारण हा व्हायरस मोठ्या माणसाला झाला तर बहुतेकांच्या अंगातून तो निघून जातो, शंभरात पाचहून कमी जणांच्यात मुक्काम करतो. जन्मताना आईकडून बाळाला गेला तर मात्र शंभरातल्या नव्वद बाळांमध्ये तो कायमचा राहतो आणि पुढे लिव्हर खराब करतो, कॅन्सरही करू शकतो. म्हणून पहिल्या २४ तासांत टोचतात. तुम्हाला वेळेवर मिळाली हे छान झालं, सहा आठवड्यांचा डोस राहिला असेल तर लगेच डॉक्टरांना विचारा, आणि पुढचे दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस चुकवू नका. एकच सावधगिरी: यीस्टची खरोखर तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांना ही लस देत नाहीत. ती अगदी क्वचित असते पण घरात कुणाला असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

मी हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. नोबेलच्या यादीत यीस्टवर काम करणारे शास्त्रज्ञ वारंवार दिसतात. कॅन्सर माणसाला होतो, यीस्टला नाही, मग यीस्ट बघून काय कळणार असं मुलं विचारतात. – शिक्षक, लातूर

सर, मुलांना शाबासकी द्या, प्रश्न एकदम मुळावर बोट ठेवणारा आहे.

बॅक्टेरियाच्या पेशीत केंद्रक नसतं, यीस्टच्या पेशीत असतं, आपल्या पेशीत असतं. यीस्ट आणि आपण यांचा पूर्वज साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वी एकच होता आणि तेव्हा पेशीचा संसार चालवायची जी पद्धत बसली ती दोन्ही घरांत अजून तीच आहे. १९९६ मध्ये यीस्टचा सगळा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएमधला पूर्ण मजकूर, वाचून झाला, केंद्रक असलेल्या जिवांमधला पहिलाच, १६ क्रोमोसोम, साधारण १ कोटी २० लाख अक्षरं आणि ६००० च्या आसपास जीन. आपले जीन वीस हजारांच्या घरात, म्हणजे एवढ्याशा यीस्टकडे आपल्या जवळजवळ एक तृतीयांश. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या एका गटाने, त्यात आशिक कचरू हे प्रमुख होते, यीस्टचे ४१४ अत्यावश्यक जीन निवडले, ज्यांच्याशिवाय यीस्ट मरतंच असे, आणि एकेक काढून त्या जागी माणसाचा तोच जीन बसवून पाहिला. जवळजवळ निम्म्या जागी माणसाचा सुटा भाग चालला, यीस्ट जगलं! स्कूटरला आगगाडीचा पार्ट बसवावा आणि स्कूटर सुरू व्हावी तसं हे आहे.

आता कॅन्सर. कॅन्सर म्हणजे पेशींचं विभाजन ताब्यात न राहणं, आणि ताबा कोण ठेवतं हे कळायला विभाजन बिघडलेल्या पेशी हव्यात. सिएटलला लीलँड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास हे यीस्टमध्ये शोधायला घेतलं. अडचण अशी की विभाजनच बंद पडलेली पेशी वाढणार कशी आणि तुम्ही बघणार काय? त्यावरची युक्ती मी स्वतः शेकडो वेळा केली आहे म्हणून जरा तपशिलात सांगते, वर्गात सांगता येईल. तापमानावर चालणारे बिघाड शोधायचे, म्हणजे गारव्यात ठीक चालतं आणि उबेत बंद पडतं असा जीन. एका गोल ठोकळ्यावर निर्जंतुक केलेलं मखमलीचं कापड ताणून बसवायचं. प्लेटवर यीस्टचे ठिपके उगवलेले असतात, साबुदाण्याएवढे, पांढरट, ताज्या पावासारखा वास येतो. ती प्लेट उलटी करून मखमलीवर हलकेच दाबायची, मखमलीच्या केसांना प्रत्येक ठिपक्यातलं थोडं थोडं यीस्ट लागतं, मग त्याच मखमलीवर दोन नव्या प्लेटा एकामागून एक दाबायच्या, रबरी शिक्का उठवतो तसं. एक प्लेट २५ डिग्रीला ठेवायची, एक ३७ ला. दोन दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवून बघायच्या, आणि जो ठिपका गार प्लेटवर आहे पण गरम प्लेटवर त्याची जागा रिकामी आहे, तोच आपल्याला हवा असतो. त्या रिकाम्या जागेकडे बघताना छातीत कसं धडधडतं हे ज्याने बघितलंय त्यालाच कळेल.

आणि यीस्टची अजून एक सोय म्हणजे त्याला कळी येते. आईच्या अंगावर छोटा फुगवटा येतो, वाढत वाढत वेगळा होतो. त्यामुळे कळी केवढी आहे ते बघून पेशी विभाजनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते कळतं, घड्याळाचा काटाच जणू. हार्टवेल यांना ज्या पेशी उबेत नेल्यावर सगळ्याच्या सगळ्या एकाच आकाराच्या कळीवर अडकल्या त्या सापडल्या, म्हणजे त्या टप्प्याचा जीन बिघडलेला. असे शंभरहून जास्त जीन त्यांनी शोधले. तिकडे ब्रिटनमध्ये पॉल नर्स दुसऱ्या जातीच्या यीस्टवर काम करत होते. ते कळी काढत नाही, मधोमध दोन तुकडे होतं, आणि त्याच्या नावातला पोम्बे हा शब्द स्वाहिली भाषेतला आहे, अर्थ बिअर, कारण ते पूर्व आफ्रिकेतल्या बिअरमध्ये सापडलं होतं. नर्स यांनी १९८७ मध्ये विभाजनाचा मुख्य जीन बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाचे जीन सोडले आणि वाट पाहिली, आणि त्यातल्या एका जीनने यीस्टचं बिघडलेलं विभाजन पुन्हा सुरू केलं. माणसाची आणि यीस्टची किल्ली एकच निघाली! २००१ चं नोबेल हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना मिळालं. या किल्लीच्याच कुटुंबातल्या प्रोटीन्सना अडवणारी औषधं आज ब्रेस्ट कॅन्सरच्या काही पेशंटना देतात, पाल्बोसिक्लिब हे त्यातलं पहिलं, अमेरिकेत २०१५ मध्ये आलं.

अजून एक सांगतेच, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. काही घराण्यांत आजोबा, वडील, मुलगा अशा पिढ्यांना कमी वयात मोठ्या आतड्याचा कॅन्सर होतो. १९९३ मध्ये अशा गाठींच्या डीएनएमध्ये दिसलं की एकच एक छोटी अक्षर-जोड पुन्हा पुन्हा येते त्या जागी भलत्याच चुका झाल्यात. तेव्हा यीस्टवर काम करणाऱ्यांनी दाखवून दिलं की यीस्टचे डीएनएच्या चुका दुरुस्त करणारे जीन बिघडवले की नेमक्या अशाच चुका होतात, म्हणजे माणसातही तेच जीन तपासा. तपासले आणि खरंच तेच निघाले. आज अशा घरातल्या लोकांची जीन टेस्ट करतात आणि ज्यांच्यात बिघाड आहे त्यांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, तरुणपणीच सुरू करतात, गाठ कॅन्सर व्हायच्या आत काढता येते.

बाकीच्यांपैकी दोन नोबेलं थोडक्यात: रँडी शेकमन २०१३, पेशीच्या आत प्रोटीनची ने-आण कशी होते यासाठी, आणि योशिनोरी ओसुमी २०१६. ओसुमी यांनी टोकियोत वयाच्या ४३ व्या वर्षी स्वतःची छोटी लॅब सुरू केली आणि उपाशी ठेवलेलं यीस्ट मायक्रोस्कोपखाली बघितलं, तर त्याच्या पोटातल्या पोकळीत बारीक कण थुईथुई नाचत होते. पेशी उपासमारीत स्वतःचेच जुने भाग मोडून खात होती. सर, मुलांना ओसुमींची गोष्ट नक्की सांगा, साध्या मायक्रोस्कोपमधून मन लावून बघण्यातून ते काम सुरू झालं.

मी बावीस वर्षं इन्सुलिन घेतोय. आमच्याकडे कांदा-लसूणही नाही. इन्सुलिन डुकराचं असतं असं मागे ऐकलं होतं, तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. – ज्येष्ठ नागरिक, नागपूर

काका, ऐकलं ते खोटं नव्हतं, पण जुनं आहे. पूर्वी गाई आणि डुकराच्या स्वादुपिंडातूनच इन्सुलिन काढायचे, दुसरा मार्ग नव्हता. १९८२ पासून माणसाच्या इन्सुलिनचा जीन जंतूत घालून बनवलेलं इन्सुलिन मिळायला लागलं, ते ई कोलाय बॅक्टेरियातून, आणि पुढे १९८० च्या दशकातच नोवो (आजची नोवो नॉर्डिस्क) कंपनीने पावाच्या यीस्टकडून ते बनवून घ्यायला सुरुवात केली. आपल्या बंगळुरूच्या बायोकॉनने २००४ मध्ये पिचिया यीस्टमधलं इन्सुलिन आणलं. यीस्टचा फायदा असा की ते इन्सुलिनला नीट घडी घालून पेशीबाहेर टाकतं, बॅक्टेरियात ते बहुतेक वेळा गोळामोळा होऊन आतच साठतं आणि मग ते उलगडून पुन्हा घडी घालायचं काम आपल्यावर येतं. आज मेडिकलमध्ये सहसा मिळतं ते बॅक्टेरियाचं किंवा यीस्टचंच. तुमच्या खोक्यावर आर-डीएनए ओरिजिन असं लिहिलेलं असेल तर ते प्राण्यातून काढलेलं नाही. मनातलं काढून टाका, आणि काहीही झालं तरी डोस स्वतःच्या मनाने थांबवू नका.

अँटिबायोटिकने जुलाब लागले म्हणून डॉक्टरांनी यीस्टची कॅप्सूल दिली. अँटिबायोटिक चालू असताना ते यीस्ट मरत नाही का? आणि घरातलं पावाचं यीस्ट घेतलं तर चालेल का? – कॉलेज विद्यार्थिनी, ठाणे

अँटिबायोटिक बॅक्टेरियाला मारतं, यीस्ट ही बुरशी आहे, तिला त्याचा धक्का लागत नाही. म्हणून तर ते जोडीने देता येतं. कॅप्सूलमध्ये असतं ते सॅकरोमायसिस बुलार्डी, हेन्री बुलार्ड या फ्रेंच माणसाला १९२० च्या दशकात इंडोचायनात, आजच्या व्हिएतनामच्या बाजूला, कॉलराची साथ चालू असताना लोक लीची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पिताना दिसले आणि त्या सालींवरून त्यांनी हे यीस्ट वेगळं केलं. ते आपल्या अंगातल्या ३७ डिग्रीला मजेत राहतं, पोटातलं अ‍ॅसिडही बऱ्यापैकी सोसतं. पावाचं यीस्ट जवळचं नातेवाईक असलं तरी पोटात तेवढं टिकत नाही, आणि कच्चं यीस्ट खाल्लं तर पोट गॅसने फुगून त्रासच होईल, तेव्हा ते पिठातच राहू दे. एक महत्त्वाचं: आयसीयूतले पेशंट, मानेत किंवा छातीत मोठ्या शिरेची नळी घातलेले, केमो चालू असलेले, यांना ही कॅप्सूल देऊ नये, त्यांच्या शेजारी उघडूही नये, कारण तिची पूड नळीतून रक्तात गेल्याची उदाहरणं आहेत.

पाव खाल्ल्याने यीस्ट इन्फेक्शन होतं का? मला वारंवार होतं. – वाचक, पणजी

नाही हो. तुम्हाला होतं ते बहुधा कँडिडामुळे, ती वेगळी जात आहे, आणि पावातलं यीस्ट तर भट्टीतच मरतं. गोव्यात पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी माडाच्या सुरेने पीठ आंबवायचे, त्यातही आपोआप आलेलं यीस्टच असायचं, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो पाव खाल्ला. पण वारंवार होत असेल तर लाजू नका, डॉक्टरकडे जा आणि आधी शुगर तपासून घ्या.

इथे अजून एक गोष्ट आहे. वर सरांना लिहिलं की यीस्टची पेशी आपल्यासारखी आहे, त्याची दुसरी बाजू तुमच्या वाट्याला येते. बॅक्टेरियाला मारायला कितीतरी औषधं आहेत पण बुरशीला मारायला मोजकीच, कारण जे तिला मारेल ते आपल्या पेशींनाही लागण्याची भीती. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालतं ते एका फरकामुळे, आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, यीस्टच्या आवरणात एर्गोस्टेरॉल, आणि हे औषध एर्गोस्टेरॉल बनवणंच अडवतं. म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका, हाताशी असलेली थोडी औषधं निकामी होणं आपल्याला परवडणार नाही.

मी आशा सेविका आहे. मलेरियाच्या पेशंटना गोळ्या देते. ट्रेनिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की यातलं औषध आता यीस्ट बनवतं. खरंय का? – गडचिरोली

ताई, आधी तुम्हाला नमस्कार. तुमच्या पॅकेटमधलं आर्टेसुनेट हे आर्टेमिसिनिनपासून बनतं आणि आर्टेमिसिनिन येतं चीनमधल्या एका झुडपातून, ते शोधल्याबद्दल तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पीक कधी जास्त, कधी कमी, भाव सारखा वरखाली, म्हणून अमेरिकेतल्या बर्कलेच्या जे कीसलिंग यांनी त्या झुडपाचे जीन यीस्टमध्ये घालून २००६ मध्ये आर्टेमिसिनिनच्या अलीकडचा पदार्थ बनवून दाखवला. २०१३ मध्ये सनोफी कंपनीने कारखान्यात सुरूही केलं. पण झुडपाची शेती वाढून भाव पडले आणि यीस्टचं त्यापुढे महाग ठरलं, म्हणून मुख्य पुरवठा शेतातूनच राहिला. मला याचं वाईट वाटत नाही, पेशंटला स्वस्त गोळी मिळाली ना, मग झालं. आणि वाट माहीत झालेली आहे, उद्या पीक बुडालं तर ती उपयोगी पडेल.

इडलीचं पीठ पण यीस्टनेच फुगतं ना? – गृहिणी, डोंबिवली

मुख्यतः नाही, ते काम उडदाच्या डाळीवरच्या लॅक्टिक अ‍ॅसिड बॅक्टेरियांचं. यीस्ट थोडंफार असतं पण मदतनीस म्हणून.

मी बीएस्सी मायक्रोच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजला एक साधा मायक्रोस्कोप आहे. त्यात यीस्टचं काही बघता येईल का? – विद्यार्थी, अहिल्यानगर

अरे, भरपूर. किराणा दुकानातलं ड्राय यीस्ट चिमूटभर घे, कोमट साखरपाण्यात टाक, वीस-पंचवीस मिनिटं थांब. एक थेंब स्लाइडवर, त्यात मेथिलीन ब्लूचा अगदी फिका थेंब, वर कव्हर स्लिप. जिवंत पेशी आत आलेला रंग मोडून टाकते म्हणून पांढरी दिसते, मेलेली निळीच राहते. दोन्ही मोज, तुझ्या पुडीतलं किती टक्के यीस्ट जिवंत आहे ते काढ, मग एक्स्पायरी झालेल्या पुडीवर तेच कर. पुढे प्रोजेक्टसाठी शुद्ध जाती हव्या असतील तर पुण्याच्या एनसीएलमध्ये एनसीआयएम नावाचा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, कॉलेजच्या पत्रावर तिथून मागवता येतात.

आणि हे जरूर कर. कळी नुकतीच फुटलेली एक पेशी शोध, ४० च्या लेन्सवर, तिची जागा लिहून ठेव. या वेळी रंग घालू नकोस, साखरपाण्याचाच थेंब ठेव आणि कव्हर स्लिपच्या कडांना व्हॅसलिन लाव म्हणजे सुकणार नाही. दर पंधरा मिनिटांनी बघून पेन्सिलने आकृती काढ. सगळं ठीक असेल आणि खोली उबदार असेल तर दीड-दोन तासांत कळी वेगळी झालेली दिसेल. ती जिथून सुटली तिथे आईच्या अंगावर एक गोल व्रण राहतो, तुझ्या मायक्रोस्कोपमध्ये तो दिसणार नाही, त्याला वेगळा चमकणारा रंग आणि फ्लुओरेसन्स लागतो, पण तो असतो, आणि एक आई साधारण वीस-पंचवीस कळ्या देऊन थांबते. आकृत्या काढल्यास की सदराच्या पत्त्यावर पाठव, मी प्रत्येक बघीन.